नाव काढलं

गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं "नाव सांगा" म्हटलं, आणि बाबांनी त्याला जे नाव सांगितलं ते आमचं नव्हतं. पहिलं नाव तेच, वडिलांचं नाव तेच, पण आडनाव भलतंच. ते आडनाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, काय सांगताय?" तर त्यांनी माझ्याकडंच असं बघितलं, जणू चूक माझी आहे. सिलिंडरवाल्याला त्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यानं मोबाइलवर आलेला नंबर विचारला, रिकामी टाकी खांद्यावर टाकली आणि गेला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात कणकेचा गोळा आणि चेहरा पांढराफटक. बाबांचा विसरभोळेपणा वाढत चाललाय हे आम्हा दोघींनाही माहीत होतं, त्यावर ती एरवी हसायचीसुद्धा. त्या दिवशी ती हसली नाही.

माझे बाबा डॉक्टर. पण दवाखाना थाटून बसलेले नव्हेत. सार्वजनिक आरोग्याचे सरकारी डॉक्टर. विहिरीत औषध टाकलं का, लस टोचली का, गावात ताप किती जणांना आहे, हे बघत त्यांची जीप सगळा सातारा जिल्हा पालथा घालायची. फलटणच्या उसात आणि महाबळेश्वरच्या पावसात त्यांनी नोकरी काढली. पण त्यांचा खरा जीव कुष्ठरोगाच्या कामात होता. चावडीपुढं, देवळाच्या ओट्यावर, जिथं चार माणसं गोळा होतील तिथं ते उभे राहायचे आणि सांगायचे, हा रोग बरा होतो, रोग्याला घराबाहेर काढू नका, त्याला आपल्या ताटात जेवू घाला. लहानपणी एकदोनदा मीही जीपमध्ये बसून गेले आहे. बाबा बोलायला लागले की आयाबाया डोळ्याला पदर लावायच्या. मला बापाचा कोण अभिमान!

त्या दुपारी बाबा झोपल्यावर मी आईला धरलं. आधी तिनं उडवाउडवी केली. मग म्हणाली, "ते त्यांचं खरं आडनाव. लग्नाआधी बदललंय. राजपत्रात छापून रीतसर."

"का?"

"बहीण होती त्यांना. थोरली. महारोग झालेला."

"होती म्हणजे? वारली?"

आई परातीतली कणीक उगाचच पुन्हा मळायला लागली आणि मला कळायचं ते कळलं. "मिरजेकडं वसाहतीत असते," ती म्हणाली. "आत्ता मला पुढचं विचारू नकोस."

मी विचारलंच. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला आपल्याला आत्या आहे हे कणीक मळता मळता कळावं, आणि वर पुढचं विचारू नकोस! आमच्या घरात मोठ्यानं बोलायची पद्धत नाही, पण त्या दुपारी मी बोलले. बाबा जागे झाले आणि त्यांनी "कोण पेशंट आलाय?" म्हणून विचारलं, तेव्हा कुठं मी आवाज खाली आणला.

मग एकेक गोष्ट मला उलगडत गेली. दर रविवारी अंघोळ झाली की बाबा मला आणि माझ्या भावाला अंगणात उन्हात उभं करायचे. पाठ, दंड, मांड्या, कानाच्या पाळ्या, सगळं बारकाईनं बघायचे. आम्हाला वाटायचं, डॉक्टरांच्या घरात असंच असतं. शेजारच्या सुभेदारांची मुलं हसायची, आम्ही त्यांनाच अडाणी समजायचो. आणि सांगलीची बदली! दर काही वर्षांनी सांगलीला बदली झाल्याचा हुकूम यायचा आणि आमच्या घरात कुणीतरी आजारी पडायचं. कधी आईला दम लागायचा, कधी बाबांची पाठ धरायची. मुंबईला खेटे घालून बाबा ती बदली रद्द करून आणायचे आणि त्याऐवजी कुणाला नको असलेलं पावसाचं ठाणं मुकाट्यानं घ्यायचे. लोक म्हणायचे, डॉक्टरसाहेबांना साताऱ्याचा लळा आहे.

आईलाही लग्नाच्या वेळी काही ठाऊक नव्हतं. मी तिच्या पोटात होते तेव्हा बाबांनी सांगितलं. मूल झालं की त्याची कातडी बघत जावी लागेल म्हणून सांगितलं, नाहीतर तेव्हाही सांगितलं नसतं. आईनं ते पोटात ठेवलं ते ठेवलंच. भावाचं लग्न झालं, तो परदेशी गेला, माझं लग्न झालं, मोडलं, मी मुलीला घेऊन माहेरी आले, सगळं झालं. तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

मी आईला न सांगता मिरजेची एसटी पकडली. कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा. हा रस्ता काय फार लांबचा आहे? सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. एवढंसं अंतर माझ्या बापाला आयुष्यभर तोडता आलं नाही याची चीड घेऊनच मी मिरजेला उतरले. वसाहतीत चिंचेची झाडं, एकाला एक लागून खोल्या, नळावर बायका. मी बाबांचं जुनं आडनाव सांगितलं तेव्हा एकीनं बोट दाखवलं.

आत्या उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. बोटं आत वळलेली, पण लसूण सोलला जात होता. नाक थोडं बसलेलं. बाकी सगळे बाबाच. तेच कपाळ, तीच हनुवटी. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "कुनाची गं तू?" मी सांगितलं. तिनं लसणाचं ताट बाजूला सारलं, पदरानं उंबरा पुसला आणि म्हणाली, "बस की. उबी का?" एवढंच. मला रडू फुटलं, तिला नाही.

मग आत्या सांगत गेली. हे सगळं घर तासगावच्या पुढच्या एका गावातलं. आता तिथं द्राक्षबागा आहेत, तेव्हा कोरडवाहू होतं. आजोबा फौजेत हवालदार, घरी आजी आणि ही दोन लेकरं. एकदा भाकरी भाजताना आत्याचा हात तव्यावर टेकला आणि तिला कळलंच नाही. कातडी जळल्याचा वास शेजारणीला आला. तेवढ्यावर गावाला समजलं. न्हावी दारात येईना. गिरणीत यांचं दळण सगळ्यांच्या मागून. शाळेत माझ्या बाबांना दाराबाहेर बसवायचे. त्या आडनावाचं गावात एकच घर होतं, आणि गावानं काय करावं? त्या आडनावालाच रोगाचं नाव करून टाकलं. रक्तपिती हा शब्द उच्चारायला लोक घाबरायचे, त्यापेक्षा हे सोपं. कुणाच्या पोराच्या अंगावर पांढरा डाग दिसला की बायका विचारायच्या, "ह्येला त्ये झालं का काय?" आणि 'त्ये'च्या जागी आमचं आडनाव. आजोबा रजेवर आले आणि आत्याला वसाहतीत सोडून गेले. ती तेव्हा परकरातली पोर होती.

"तुजा बा येशीपतूर पळत आल्ता मागं," आत्या म्हणाली. "आक्का, आक्का करत. चड्डी बी नीट न्हवती त्येची. दादांनी दगड मारून परत लावला." दादा म्हणजे माझे आजोबा.

पुढं तिला औषध मिळालं, ती बरी झाली. बरी होऊनही न्यायला कुणी आलं नाही. तिथल्याच एका बऱ्या झालेल्या माणसाशी तिचं लग्न लागलं, मूलबाळ नाही, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली. हातमागावर तिनं जखमेला बांधायच्या पट्ट्या विणल्या, डोळे अधू झाल्यावर ते सोडलं. आजोबा वर्षातून एकदा भेटायला यायचे. बाबा डॉक्टर झाले तेव्हा पेढे घेऊन आले होते.

"मला म्हनले, पोरी, तुज्या भावानं नाव काढलं बग घरान्याचं." आत्या दात नसलेलं तोंड उघडून हसली. "आनि पुडल्याच वर्साला खरंच काडून टाकलं की गं! कागदावरनं!"

ती हसत होती. मला तिचा राग आला. रडावं, शिव्या द्याव्यात, भावाच्या नावानं बोटं मोडावीत, तर ही खुशाल विनोद करते. मी म्हटलं, "तुम्हाला काही वाटलं नाही?" ती म्हणाली, "वाटून काय करू? त्या नावानं त्येला कुनी पोरगी दिली नसती. कुनी हातचं पानी पिलं नसतं. त्येचं बराबर हाय." मग म्हणाली, "एकडाव हितं आल्ता. मोटा सायेब म्हून."

ती बदली नव्हती, कार्यक्रम होता. मुंबईहून वरचे अधिकारी यायचे होते, बाबांना टाळता आलं नसावं. मांडव घातला होता. वसाहतीतली माणसं सतरंजीवर, आत्या पुढच्याच रांगेत. बाबांनी माइकवरून सांगितलं, हा रोग बरा होतो, आपल्या माणसांना घरी न्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "माज्या हातानं आवाज येत न्हाई नीट," आत्या म्हणाली, "तरी वाजीवली. लय झ्याक बोलला." उतरताना बाबांनी सगळ्या रांगेला मिळून एकच नमस्कार केला आणि जीपमध्ये जाऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, सायेब तुज्यासारका दिसतोय गं. आत्यानं तिला सांगितलं, तुला मोतीबिंदू झालाय.

निघताना मी विचारलं, तुम्हाला काय हवंय? मला वाटलं घर म्हणेल, डोळ्याचं ऑपरेशन म्हणेल. ती म्हणाली, "त्येनं एकडाव आक्का म्हनून हाक मारावी. बास. मग मी गेले तरी चालंल." आणि मी पुढं कधीतरी हे लिहिणार आहे हे तिला कसं कळलं कोण जाणे, मला बजावलं, "आडनाव कुटं लिवू नगंस. तुज्या लेकीचं लगीन व्हायचं हाय अजून." म्हणून ते इथं नाही.

मी तिला शब्द दिला, कारण मला खात्री होती. बाबा त्या दिवसांत रोज सकाळी आक्काला हाक मारत होते. खिडकीशी उभे राहून, "आक्का, थांब की गं," असं अगदी गावाकडच्या बोलीत, जी बोली आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ही आक्का कोण ते मला आता कळलं होतं. नवं आडनाव, नोकरी, आम्ही मुलं, हे सगळं एकेक करून गळत होतं आणि खालून ते पोर वर येत होतं. मी आत्याला फोनवर हे सांगितलं. तिनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग तिनं विचारलं, "चड्डी घालतो का नीट आता?"

फोनवर दोघांना बोलायला लावायचा खटाटोप मी केला. बाबांना फोन कळेनासा झाला होता. ते तो कानाला लावायचे, आतून कुणी बोललं की दचकून टेबलावर ठेवायचे. मग मी त्यांनाच मिरजेला न्यायचं ठरवलं, भाड्याची गाडी केली. कराडच्या पुढं सांगलीची पाटी दिसली आणि बाबा गाडीचा दरवाजा उघडायला लागले. "बदली रद्द झालीय माझी," असं ओरडत होते. ड्रायव्हर घाबरला. आम्ही तिथूनच मागं फिरलो. म्हणजे आता एकच वाट उरली, आत्याला साताऱ्याला आणायची.

आई आडवी आली. "मी जिवंत असेपर्यंत नाही," म्हणाली. मी म्हटलं, ती बरी झालेली बाई आहे, तुझ्या नवऱ्यानं हेच लोकांना सांगत पेन्शन मिळवली. आई म्हणाली, लोकांना सांगायचं वेगळं. त्यात माझ्या मुलीची सोयरीक बघायला घेतलेली. पाहुणे येत होते, मूळ गाव कोणतं, देवक कोणतं, मामा कोण, आजोळ कुठलं, असली खोदून चौकशी चाललेली. आईनं माझे हात धरले. "पोरीचं ठरू दे. मग तुला आणायचं त्याला आण. मी अडवणार नाही." माझी मुलगी म्हणाली, मिरजेच्या आजीला लग्नालाच बोलवा की. ती पुण्याला नोकरी करते, तिला असं बोलायला काय जातंय? पाहुण्यांसमोर बसायचं आम्हाला होतं. आणि आईच्या त्या हातांपुढं माझं काही चाललं नाही.

गणपती झाले, दिवाळी झाली. दिवाळीच्या सुमारास बाबांची सकाळची हाक बंद पडली. मी खिडकीशी त्यांच्या शेजारी उभी राहून म्हणायची, "बाबा, आक्का." ते ऐकून घ्यायचे आणि नाश्ता मागायचे. डोळ्यांदेखत काहीतरी बुडत होतं, मी काठावर उभी होते, आणि घरात साड्यांच्या रंगांवर चर्चा चालली होती. आत्या फोनवर विचारायची, "म्हनतो का गं अजून?" मी सांगायची, म्हणतात.

संक्रांतीनंतर मुलीचं ठरलं. त्याच आठवड्यात मी मिरजेला जाऊन आत्याला गाडीत घातलं. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, पायात बधिर पावलांना जखम होऊ नये म्हणून वसाहतीत मिळणाऱ्या मऊ रबराच्या चपला, मांडीवर बेदाण्यांची पिशवी. "त्येला बेदानं लय आवडायचं. चोरून खायचा," म्हणाली. वाटेत ती एकटीच बोलत होती. कराडचा पूल बघून तिला नवल वाटलं, उसाच्या ट्रॉल्या मोजायला लागली. वसाहतीत आल्यापासून ती एवढ्या लांब प्रथमच निघाली होती. साताऱ्यात गोडोलीला आमच्या दारात गाडी थांबली तेव्हा तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

आईनं शब्द पाळला. दार उघडलं, "या" म्हणाली, नमस्कारही केला. मग चहा आणला. आम्हाला कपात आणि आत्याला कागदाच्या पेल्यात. वाढदिवसाला आणलेले, फुलंफुलं छापलेले पेले उरले होते, त्यातला. आत्यानं तो दोन्ही मनगटांच्या मध्ये धरला आणि फुंकर घालून प्यायली. "चा झ्याक झालाय," म्हणाली. मला आईच्या अंगावर तो चहा फेकावासा वाटला.

बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी आत्याला त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, बघा कोण आलंय. आक्का आलीय." आत्या पुढं वाकली. पदर सारखा केला. बाबांनी तिच्याकडं बघितलं. चेहरा निरखला, मग पदराबाहेर आलेला हात निरखला. आणि त्यांची पाठ ताठ झाली. महिनोन्महिने न दिसलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर खुर्चीत येऊन बसला.

"या मावशी," बाबा म्हणाले. "कुठल्या गावच्या?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग गावाचं नाव सांगितलं. दोघांचं गाव. बाबांनी नुसती मान हलवली.

"औषध पुरं केलंत?"

"व्हय. कवाच केलं."

"मग तुम्ही बऱ्या झालात. आता तुमच्यापासून कुणाला काही होत नाही. लपायचं नाही, हात झाकायचे नाहीत. घरी राहायचं, घरच्यांच्या ताटात जेवायचं. घरी कोण असतं?"

आत्या मांडीवरची बेदाण्यांची पिशवी चाचपायला लागली. बाबांनी पुन्हा विचारलं, मऊ आवाजात, जसं ते गावोगाव विचारायचे.

"भाऊ हाय," आत्या म्हणाली.

"नेत नाही का?"

"न्हाई."

"अडाणी आहे?"

"न्हाई, न्हाई. शिकल्याला हाय. लय शिकल्याला."

बाबांना राग आला. खरा राग. "शिकलेला असून असं वागतो? बहिणीला टाकतो? घेऊन या त्याला माझ्याकडं. मी बोलतो त्याच्याशी. नाही आला तर मी येतो तुमच्या घरी जीप घेऊन. काय नाव त्याचं?"

आई दारात कपबशा घेऊन उभी होती, ती तिथंच खिळली. मी आत्याचा खांदा धरला. मला वाटत होतं सांग, सांगून टाक एकदा, ते जुनं आडनाव मोठ्यानं घे, शेजारच्या सुभेदारांना ऐकू जाऊ दे. आत्यानं बाबांच्या तोंडाकडं बघितलं, खूप वेळ बघितलं. मग दोन्ही हात परत पदराखाली घेतले.

"आठवत न्हाई, डाक्टर," ती म्हणाली. "म्हातारी झाले. नाव इसरले बगा त्येचं."